सांध्याचा हिशोब कोणाकडे?



इथे आपण बहुतेक वेळा आजोबा बडोद्याला कसे आले, महाराजांच्या नोकरीत कोण होतं, दांडिया बाजारातलं घर कधी विकलं, असंच लिहितो. मीही लिहिलं आहे आणि पुढेही लिहीन. आज मात्र लोखंडाविषयी लिहायचं आहे, आणि तेही लोखंडी तुळई खांबाला जिथे जोडली जाते त्या वीतभर जागेविषयी. बी.कॉम. होऊन ३७ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचा हा विषय नाही, हे मला कोणी सांगायला नको. घरात सांगून झालंय. पण आमच्या मंडळाच्या सभागृहात गॅलरीचं काम निघालं आहे, पैसे सगळ्यांच्या वर्गणीचे आहेत आणि मी खजिनदार आहे. चेकवर सही माझी जाते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं लांबलचक वाटेल ते इथेच थांबू शकतील. सांध्याचा नियम सुरक्षित आहे की नाही, हे नियमातल्या आकड्यावरून कळत नाही. तो नियम कशावर तपासला, कुठपर्यंत तपासला, आणि आपल्या कामाला तो लागू पडतो की नाही हे सही करून सांगणारा माणूस कोण, यावरून कळतं. आणि म्हणून, सांध्यांची गणितं आणि ड्रॉइंगं कागदावर येईपर्यंत मंडळाने फॅब्रिकेशनचा पुढचा हप्ता देऊ नये.

गॅलरी १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद. तीन-तीन मीटरवर एकेक तुळई, ३०० मिलिमीटर खोलीची, वर पत्रा आणि काँक्रीट. ड्रॉइंग नीटनेटकं आहे. तुळईचं वजन मीटरला किती किलो तेसुद्धा लिहिलं आहे, कारण बिल किलोवर होणार. पण तुळई खांबाला मिळते तिथे एक बाण आणि एक शब्द : ‘वेल्ड’. किती जाडीचा, किती लांबीचा, कारखान्यात करायचा की जागेवर शिडीवर उभं राहून, काही नाही. मी फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं तर तो अगदी प्रेमाने म्हणाला, “काका, वीस वरसथी आम ज करीए छीए. कशुं नथी थयुं.” माणूस चांगला आहे, काम स्वच्छ करतो. पण वीस वर्षांत काही झालं नाही, हे वाक्य बँकेत मी इतक्या कर्जदारांच्या तोंडून ऐकलं आहे की ते ऐकल्यावर माझा हात आपोआप फाइलकडे जातो.

कमिटीत नाना म्हणाले, “अण्णा, सरकारी कोड असतो ना त्याला? कोडप्रमाणे केलं की झालं.” प्रश्न बरोबर आहे. म्हणून मी माझ्या भाचीला फोन लावला. ती इथल्याच सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर झाली, आता पुण्यात स्ट्रक्चरचं काम करते. तिने तीन रविवार माझ्यासाठी घालवले. पुढे जे लिहितो आहे त्यातलं शास्त्र तिचं, तुलना आणि मतं माझी.

आपल्या देशात लोखंडी बांधकामाचा कोड म्हणजे आयएस ८००. पहिला १९५६ चा, मग १९६२, १९८४ आणि २००७ अशा सुधारणा. जुन्या पद्धतीत सरळ हिशोब होता. साधं लोखंड २५० ला हार खातं, म्हणजे कायमचं वाकतं, तर वाकण्याचा ताण त्याच्या ०.६६ पट, म्हणजे १६५ पर्यंतच येऊ द्यायचा. २००७ च्या कोडने हिशोब दोन बाजूंनी केला. येणारा भार दीडपट धरायचा आणि लोखंडाची ताकद भागून कमी धरायची. नुसत्या लोखंडाला भागाकार १.१०. बोल्टला १.२५. कारखान्यात केलेल्या वेल्डला १.२५. आणि जागेवर केलेल्या वेल्डला १.५०.

हे ऐकताच मी म्हटलं, अगं, हे तर आमचं मार्जिन! एफडीवर कर्ज दिलं तर मार्जिन थोडं, गोदामातल्या मालावर जास्त, आणि उधारीच्या येण्यावर त्याहून जास्त. तारण जितकं बेभरवशाचं तितकं मार्जिन मोठं. कोड लिहिणाऱ्यांनी जागेवरच्या वेल्डला १.५० लावला तेव्हा त्यांनी शिडीवर लोंबकळणारा वेल्डर, भर दुपारचं ऊन, कमी-जास्त होणारं व्होल्टेज, सगळं त्या एका आकड्यात धरलं. पण धरलं म्हणजे किती धरलं? ड्रॉइंगवर जर ‘वेल्ड’ एवढंच असेल तर १.२५ ने भागायचं की १.५० ने, हेच कोणाला माहीत नाही.

हिशोब करून बघू, कॉमर्सवाल्याला जमेल असाच आहे. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या नसतील अशा सभागृहाला दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरा, असं आपला दुसरा कोड, आयएस ८७५, सांगतो. घराच्या खोलीला २०० किलो पुरतात. आता गणेशोत्सवात बच्चेकंपनीचं नाटक सुरू झालं की सगळे आई-बाप मोबाइल घेऊन कठड्याला कसे चिकटतात ते आठवा, म्हणजे ५०० का ते कळेल. आतल्या एका तुळईच्या वाट्याला १५ चौरस मीटर, म्हणजे ७,५०० किलो माणसांचे. जमिनीचं स्वतःचं वजन मीटरला ३०० धरलं तर ४,५००. एकूण १२ टन, दोन टोकांना सहा-सहा. दीडपट केले की नऊ टन, म्हणजे साधारण ९० किलोन्यूटन. सहा मिलिमीटरचा वेल्ड जागेवर केला तर कोडप्रमाणे दर मिलिमीटर लांबीला ६६० न्यूटन धरता येतात, कारखान्यात केला तर ७९०. म्हणजे जागेवर किमान १३६ मिलिमीटर वेल्ड हवा, कारखान्यात ११४. आणि हा फक्त सरळ खाली येणाऱ्या भाराचा हिशोब. भार वेल्डपासून जरा बाजूला पडला की पिळाचा ताण वेगळा, त्याचं गणित भाची करेल, मी नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की ‘वेल्ड’ या शब्दामागे एक लांबी असते, आणि ती लांबी आमच्या ड्रॉइंगवर नाही.

आता नानांचा प्रश्न खरोखर खोलात घ्यायचा तर, हे १.२५ आणि १.५० तरी आले कुठून? कोणी ठरवलं की एवढे पुरे? इथे मला खूप मजा आली. प्रयोगशाळेत सांधे बनवून तुटेपर्यंत ओढतात. सूत्राने सांगितलेली ताकद आणि प्रत्यक्ष तुटतानाची ताकद यांचा भागाकार मांडतात. असे पुष्कळ झाले की सरासरी काढतात, पण सरासरीवर थांबत नाहीत. किती विखुरलेत ते बघतात. दोन शाखांची वसुली वर्षाला सरासरी ९० टक्के असेल, पण एकीची दर महिन्याला ८८ ते ९२ मध्ये असते आणि दुसरीची कधी ६० तर कधी मागची थकबाकी धरून ११०, तर हेड ऑफिस दोघींकडे सारख्या नजरेने बघेल का? तसंच. सरासरी आणि विखुरण यांवरून एक आकडा काढतात, त्याला बीटा म्हणतात. तो जितका मोठा तितका धोका कमी. अमेरिकेच्या कोडात तुळई-खांबांसाठी हा साधारण २.६ ते ३ धरला आहे, आणि सांध्यांसाठी ४ किंवा त्याहून जास्त. ३ म्हणजे गणितात हजारात एक-दीड, ४ म्हणजे लाखात तीन. सांध्याला इतकं कडक का? तर तुळई आधी वाकते, लोंबते, प्लॅस्टरला भेगा पडतात, माणसाला पळायला वेळ मिळतो. सांधा सांगून तुटत नाही.

म्हणजे विचार पक्का आहे. तरीही नियम चुकतो. आणि तो कसा चुकतो याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण लॉस एंजेलिसचं.

तिथे भूकंपासाठी इमारतींच्या चौकटी पोलादी असत. तुळईच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या खांबाला पूर्ण जाडीने वेल्ड करायच्या, मधली उभी पट्टी बोल्टने जोडायची. हा सांधा म्हणजे सोन्याचं तारण! कोडातच लिहिलेला, वेगळी तपासणी न मागता मान्य. कल्पना अशी की जोराचा हादरा बसला की तुळई सांध्याजवळ वाकेल, हादऱ्याची ताकद पिऊन टाकेल आणि इमारत उभी राहील. याचे प्रयोग बर्कलेत एगॉर पोपोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या आसपास केले होते. तुळया १८ आणि २४ इंच खोलीच्या.

पुढे काय झालं? इमारती मोठ्या झाल्या, मजुरी महागली. पूर्वी प्रत्येक खांबाजवळ असे सांधे असत, आता थोड्याच चौकटींवर सगळा भार टाकायचा आणि त्या चौकटी जाडजूड करायच्या, अशी पद्धत पडली. तुळया ३६ इंची झाल्या, पट्ट्या जाड झाल्या. नियम तोच. वेल्डिंग भराभर व्हावं म्हणून जी तार वापरत, तिचा वेल्ड ताकदीला पुरेसा पण ठिसूळ. वेल्डखाली आधाराला लावलेली पट्टी तिथेच ठेवून देत, त्या फटीतून चीर सुरू व्हायला जागा मिळे. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट, म्हणजे गमतीची कसली. तुळईच्या लोखंडाला नियमात कमीत कमी ताकद ठरवली होती, ३६ हजार पौंड दर चौरस इंचाला. वरची मर्यादा नव्हती. गिरण्या चांगलं लोखंड द्यायला लागल्या, ते प्रत्यक्षात ५० हजाराच्या आसपास भरे. जास्त मिळालं म्हणून कोणी तक्रार करतं का? पण तुळई वाकायला हवी होती, ती वाकेना, आणि सगळा ताण वेल्डवर गेला.

१७ जानेवारी १९९४ ला पहाटे साडेचारला नॉर्थरिजचा भूकंप झाला, ६.७ तीव्रतेचा. पोलादी चौकटीच्या इमारती उभ्याच होत्या, एकही कोसळली नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नंतर लिफ्ट अडकते, दारं लागत नाहीत, म्हणून कोणी भिंतीचे तक्ते आणि आगीपासून वाचवणारा लेप काढून बघितला, तर वेल्डला चिरा. काही ठिकाणी चीर थेट खांबात शिरलेली. मग एकेक इमारत उघडत गेले, तेव्हा अशा शंभराहून अधिक निघाल्या. तंतोतंत एका वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, जपानात कोबेला भूकंप झाला, तिथेही पोलादी सांधे तुटले. त्यांची सांधा करण्याची पद्धत वेगळी होती, पण विश्वास तसाच गाढ होता.

हे वाचताना मला नायक समितीचा नियम आठवला. बँकेतले जुने लोक हसतील. लहान उद्योगाला खेळतं भांडवल किती द्यायचं? वर्षाच्या अंदाजे उलाढालीच्या २० टक्के. साधा, सुटसुटीत, कारकुनालाही काढता येईल असा. पण त्याच्या पोटात एक गृहीत आहे. धंद्याचं चक्र तीन महिन्यांत फिरतं, म्हणून गरज उलाढालीच्या २५ टक्के, त्यातले ५ मालकाचे आणि २० बँकेचे. ज्याचं चक्र सहा महिन्यांचं आहे, त्याला हाच नियम लावला तर तो बिचारा चार महिन्यांत गुदमरतो आणि आपण म्हणतो, नियमाप्रमाणे दिलं होतं. नियम खोटा नसतो. तो ज्या मापाच्या धंद्यासाठी शिवला त्याच्याबाहेर नेला की फाटतो, आणि नेताना कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण फॉर्म तोच असतो.

अमेरिकनांचं एक मात्र मानलं पाहिजे. झाकपाक केली नाही. १९९३ मध्येच, भूकंपाच्या आधी, टेक्सासमधल्या प्रयोगांनी या सांध्याबद्दल शंका काढली होती, तीही लपवली नाही. भूकंप झाला त्याच वर्षी तो मान्यताप्राप्त सांधा कोडातून काढून टाकला. मग सहा वर्षं पूर्ण आकाराचे सांधे बनवून तोडत बसले. २००० मध्ये नवी मार्गदर्शिका आली. एक उपाय तर मला फार आवडला. खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या पट्ट्या मुद्दाम कापून बारीक करायच्या, कुत्र्याच्या बिस्किटातल्या हाडासारख्या, म्हणजे तुळई तिथेच वाकेल आणि वेल्ड वाचेल. ताकद वाढवण्यासाठी लोखंड कमी करायचं! आणि आताच्या त्यांच्या नियमात प्रत्येक मान्य सांध्याबरोबर लिहिलेलं असतं की तुळईची खोली इतकी, वजन इतकं, पट्टीची जाडी इतकी, याच्या पलीकडे हा सांधा वापरायचा असेल तर आधी तोडून दाखवा. कडक चौकटीचा सांधा मजल्याच्या उंचीच्या चार टक्के झुकला तरी टिकला पाहिजे. तीन मीटरच्या मजल्याला ते १२ सेंटीमीटर झाले. माझ्या मते नियमाच्या सुरक्षिततेची खरी कसोटी ही आहे : आपण कुठपर्यंत खरे आहोत हे नियमाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे.

फॅब्रिकेशनवाल्याने मला एक तोड सुचवली होती, तिचा विचार इथेच करतो. “काका, जाडो वेल्ड मारी आपुं, बस?” मनापासून म्हणाला. पण वरचं सगळं वाचल्यावर जाड म्हणजे बरं, हे मला पटत नाही. पातळ पट्टीवर जाड वेल्ड म्हणजे उष्णता जास्त, पट्टी वाकडी, थंड होताना ओढ जास्त. शिवाय साध्या टेकू देणाऱ्या सांध्याला चहूबाजूंनी वेल्ड मारून घट्ट केलं की तो खांबाला वाकवायला लागतो, आणि खांबाचं गणित करताना ते कोणी धरलेलंच नसतं. बिचाऱ्याने फुकट काम वाढवलं आणि धोकाही.

आता सही कोणाची, या मुद्द्याकडे येतो. यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी नावाचं हॉटेल होतं. १७ जुलै १९८१ ला संध्याकाळी खाली नाच चालला होता, वर टांगलेल्या पुलांवर माणसं बघत उभी होती. चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्या बरोबर खालचा दुसऱ्या मजल्याचा पूल कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जाणार होती. ते करायला अवघड, म्हणून दोन तुकडे केले. वरचा पूल छताला टांगला आणि खालचा वरच्या पुलाला. आपल्या घरचा झोपाळा घ्या. त्याच्या कड्या छतातल्या हुकाला असतात. आता दुसरा झोपाळा छताला न अडकवता पहिल्याच्याच फळीला खाली लटकवा. छतातल्या हुकाला भार तेवढाच, पण वरच्या फळीत कडी जिथे अडकते तिथे दुप्पट. तसंच तिथे वरच्या पुलाच्या तुळईत सळईचा नट ओढून आरपार गेला. चौकशीत तर असं निघालं की मूळचा आराखडाही शहराच्या कोडाने मागितलेल्या ताकदीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच भरत होता.

मग हिशोब कोणी केला होता? कोणीच नाही. इंजिनिअरला वाटलं, सांधे फॅब्रिकेटर बघतो, तशी पद्धतच आहे. फॅब्रिकेटरला वाटलं, इंजिनिअरने काढून दिलंय. शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का मात्र होता. दोन इंजिनिअरांचे परवाने मिसुरी राज्याने रद्द केले. ज्या माणसाचा शिक्का, त्याची जबाबदारी, असं ठरलं. बँकेत जॉइंट कस्टडीच्या दोन किल्ल्या असतात. दोघांनीही तिजोरी उघडताना दुसऱ्याने मोजलंय असं धरलं की काय होतं, ते ज्यांनी कॅश सांभाळली आहे त्यांना सांगायला नको.

ऑडिटचंही असंच. मिनियापोलिसला मिसिसिपीवर १९६७ चा एक पोलादी पूल होता. १ ऑगस्ट २००७ ला भर रहदारीत पडला, १३ माणसं गेली. पट्ट्या जिथे एकत्र येतात तिथल्या गसेट प्लेटी अर्ध्या इंचाच्या होत्या, लागत होत्या जवळजवळ दुप्पट जाड. चाळीस वर्षं पुलाची तपासणी होत होती, त्यावरचा भार वाढला तसा हिशोबही होत होता. पण त्या हिशोबात गसेट प्लेटी धरण्याची पद्धत नव्हती. का? तर सांधा नेहमी पट्टीपेक्षा मजबूतच असतो, असं गृहीत. म्हणजे नियमात ज्याला सगळ्यात सुरक्षित मानलं, तेच ऑडिटातून सुटलं.

आणि फार लांब कशाला जायचं. आपल्या पादऱ्याच्या बाजूला महीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला पडला. किमान २० माणसं गेली. तो पूल काँक्रीटचा, त्याचे नियम वेगळे, हे मला माहीत आहे. पण सरकारनेच पहिल्या तपासानंतर सांगितलेलं कारण वाचा : पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडलं. आर्टिक्युलेशन म्हणजे जोडच की.

आपल्या गावात याच्या अगदी उलट गोष्टही सांगतात. लक्ष्मी विलास पॅलेसचा आराखडा करणाऱ्या मेजर मँटच्या डोक्यात म्हणे आपली गणितं चुकली, वाडा पडणार, असं भरलं आणि त्यातच तो १८८१ मध्ये गेला. खरंखोटं देव जाणे. वाडा १८९० मध्ये पुरा झाला आणि आजही दिमाखात उभा आहे. नाना हीच गोष्ट माझ्याविरुद्ध वापरतात, “अण्णांचा मँट झालाय.” हसू मलाही येतं. पण मँटचं दुःख गणित तपासल्यामुळे झालं नव्हतं, त्याच्याजवळ बसून कोणी ते पुन्हा तपासून दिलं नाही, हे होतं, असं मी नानांना म्हटलं. ते गप्प बसले, पण पटलं असं नाही.

कमिटीतला खरा विरोध पैशाचा आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांध्यांची गणितं, ड्रॉइंगं आणि वेल्ड झाल्यावर पाहणी असं सगळं करून ३५ हजार मागितले आहेत. काम ११ लाखांचं. कोणी म्हणतं, एवढ्यात वरच्या पंख्यांचं होईल. कोणी म्हणतं, कोडाला दीडपट मार्जिन आहेच, ते कशासाठी असतं? ते मार्जिन कोडाच्या माणसांनी लोखंडाच्या, भाराच्या आणि वेल्डरच्या चढ-उतारासाठी ठेवलं आहे. गणितच केलं नाही, यासाठी त्यात एक पैशाची तरतूद नाही. मालाच्या साठ्यावर २५ टक्के मार्जिन घेतो ते भाव उतरतील म्हणून. गोदामात माल आहे की नाही हे बघायला जायचंच नाही, म्हणून नाही.

शिवाय आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरला जात आला आहे. २६ जानेवारी २००१ ला सकाळी आपण सगळे रस्त्यावर होतो, भांडी वाजत होती, ते अजून कोणी विसरलेलं नाही. त्या वेळी अहमदाबादच्या इमारती बघून आपण सगळे खांबांविषयी शहाणे झालो. ‘पार्किंगचे खांब बघून फ्लॅट घ्या’ हे आता भाजीवालाही सांगतो. सांध्यांविषयी अजून कोणी बोलत नाही, कारण ते छतात, पीओपीच्या वर असतात.

मी ठरावाचा मसुदा असा केला आहे. एक, प्रत्येक सांध्याचं ड्रॉइंग, त्यात वेल्डची जाडी, लांबी आणि तो कारखान्यातला की जागेवरचा हे लिहिलेलं. दोन, त्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही, आणि नंतर जागेवर काही बदललं तर पुन्हा सही. तीन, हे मिळाल्यावरच पुढचा हप्ता. चौथं कलम भाचीने घालायला लावलं : पीओपी करण्याआधी सगळे सांधे उघडे असताना फोटो काढून मंडळाच्या दप्तरी ठेवावेत. फॅब्रिकेशनवाल्याशी बोललो आहे. तो म्हणाला, “ड्रॉइंग आपो तो एम करी दईशुं, अमने शुं वांधो?” त्याची हरकत नाहीच, हरकत आमचीच आहे.

सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, सभागृहाच्या अंगणात, कारण आत खांब उभे केलेत. बडोद्यातल्या सभासदांनी जरूर यावं, मतं दोन-चारच कमी पडतायत. आणि इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींना एक विनंती : तुमच्या मंडळाच्या सभागृहात लोखंडी गॅलरी किंवा छत असेल तर त्याच्या सांध्यांचं ड्रॉइंग आज कोणाच्या कपाटात आहे, तेवढं विचारून खाली लिहा. नसेल तर ‘नाही’ असंही लिहा. रविवारच्या आत आलं तर मी सभेत वाचून दाखवीन.